उशिरा दिलेले उत्तर : ठाण्याच्या अग्निशमन दलास एका सोसायटीचे आभारपत्र

प्रति,
केंद्र अधिकारी, उपअधिकारी, यंत्रचालक आणि सर्व फायरमन,
आमच्या विभागाचे अग्निशमन केंद्र,
ठाणे महानगरपालिका.

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात आपल्या केंद्राकडून आमच्या सोसायटीला एक पत्र आले होते. इमारतीतील आग प्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘फॉर्म बी’, सादर करावे, एवढाच त्याचा आशय होता. सचिव या नात्याने मी त्यावर आवक क्रमांक घातला, ‘पुढील सभेत विषय ठेवणे’ असा शेरा मारला आणि पत्र फाइलला लावले. पुढील सभेत गच्चीची गळती, पाहुण्यांच्या गाड्या आणि बाहेरच्या रंगाची छटा यांवर दोन तास गेले आणि चहा झाल्यावर सभा संपली. त्या पत्राला उत्तर द्यायचे राहिले, ते आज देत आहे. मधल्या काळात जे घडले त्यामुळे त्या उत्तराचे आभारपत्र झाले आहे आणि त्यात क्षमायाचनेचा भागही बराच आहे.

मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातली ती रात्र आपल्या नोंदवहीत एका ओळीची असेल : वर्दीची म्हणजे आगीची खबर मिळाल्याची वेळ, वर्तकनगर परिसरातील सात मजली निवासी इमारत, तळमजल्यावरील मीटर रूमला आग, जीवितहानी नाही. ही ओळ इतकी कोरडी राहिली, याबद्दलच आम्ही अठ्ठावीस कुटुंबे आपले ऋणी आहोत. परंतु त्या एका ओळीत काय काय होते, हे आमच्यासारख्या इतर सोसायट्यांनाही कळावे म्हणून हे पत्र केवळ आपल्या टेबलावर न ठेवता उघडपणे लिहीत आहे.

मी चौथ्या मजल्यावर राहते. पावणेतीनच्या सुमारास जळक्या रबरासारख्या वासाने जाग आली. स्वयंपाकघरात जाऊन शेगडी पाहिली, फ्रिजच्या मागे हात लावून पाहिला आणि मग, कोणीही करील तेच केले, मुख्य दार उघडले. जिन्यात दिवा नव्हता आणि दारातून जे आत आले ते काळे, दाट आणि इतके तिखट होते की डोळे मिटूनच दार लोटावे लागले. खाली कोणीतरी ‘आग, आग, सगळे खाली या’ असे ओरडत होते. मी १०१ लावला. पलीकडच्या गृहस्थांनी पत्ता आणि जवळची खूण विचारली आणि लगेच विचारले, ‘आपण कितव्या मजल्यावर? दार बंद आहे ना? मग ते उघडू नका. खाली उतरू नका. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावा, रस्त्याकडच्या खिडकीत जाऊन थांबा आणि शेजाऱ्यांना हेच सांगा. गाडी निघाली आहे.’ आवाज अजिबात चढलेला नव्हता. एरवी सुप्रभातीची फुले आणि पाण्याच्या वेळा यांपलीकडे न जाणाऱ्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी ते शब्द जसेच्या तसे टाकले. पाचव्या मजल्यावरील दांपत्य दोन्ही लेकरांना कडेवर घेऊन, नाकाला ओले रुमाल बांधून जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत उतरले होते. ते तेथूनच परत फिरले.

‘खाली उतरू नका’ हे वाक्य किती मोलाचे होते, हे मला नंतर आपल्या उपअधिकाऱ्यांनी समजावले. आमची मीटर रूम जिन्याच्या बुडाशी आहे. तेथे एका जुन्या जोडणीचा स्क्रू सैल झाला होता. उन्हाळ्याच्या रात्री सगळ्यांचे एसी चालू असल्याने त्या सैल जोडावर ताण आला, तो तापला, केबलचे आवरण वितळले आणि ठिणग्या सुरू झाल्या. एवढ्यावर ती आग कदाचित मीटरच्या फळ्यांपुरतीच राहिली असती. परंतु त्या खोलीत आम्ही सभासदांनी रद्दीचे गठ्ठे, एक जुनी गादी, मागच्या रंगकामातले अर्धे डबे आणि मोडक्या सायकली ठेवल्या होत्या आणि दुसऱ्या मजल्यावरील एक तरुण भाडेकरू आपल्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी तेथेच रात्रभर चार्जिंगला लावत असे. ती बॅटरी पेटली नाही, हे आमचे नशीब. लिथियमची बॅटरी एकदा आतून तापू लागली की विझल्यासारखी वाटूनही पुन्हा पेट घेते, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. तळाशी आग आणि वर सात मजल्यांचा मोकळा जिना, म्हणजे ते घराचे धुराडेच. केबलच्या आवरणातील पीव्हीसी जळताना कार्बन मोनॉक्साइड तर निघतोच, शिवाय हायड्रोजन क्लोराइड निघतो, जो डोळ्यांतल्या आणि श्वासनलिकेतल्या ओलाव्यात मिसळून आम्ल होतो. ओला रुमाल काजळी थोडीफार अडवतो, कार्बन मोनॉक्साइड मुळीच अडवत नाही. पाचव्या मजल्यावरून तळापर्यंत उतरायला लागणारी दोन-तीन मिनिटे अशा धुरात माणूस शुद्धीवर राहतोच असे नाही. ज्वाळा तर पहिल्या मजल्याच्याही वर आल्या नव्हत्या. आगीपासून दूर असलेली माणसे धुरात उतरून जीव गमावतात, हे त्या वेळी आम्हांला कोणी सांगितले नसते, तर आम्ही सर्वजण शिस्तीने, एकमेकांचे हात धरून, त्या धुराड्यात उतरलो असतो.

बंब गल्लीच्या तोंडाशी आला तो तेथेच थांबला, कारण दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या होत्या आणि त्यांतली एक (लपवण्यात अर्थ नाही) आमच्याच अध्यक्षांची होती. आपल्या माणसांनी वाद घालण्यात क्षणही घालवला नाही. दोघांनी स्कूटर उचलून बाजूला ठेवल्या आणि बाकीच्यांनी पंधरा-पंधरा मीटरचे होज, म्हणजे पाण्याचे पाइप, एकाला एक जोडत आमच्या फाटकापर्यंत आणले.

त्यानंतरच्या काही मिनिटांबद्दल मला विशेष क्षमा मागायची आहे. होज अंथरलेला, फायरमन हातात ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, घेऊन उभा, आणि पाणी मात्र सुरू होत नव्हते. खिडक्यांतून आम्ही ओरडत होतो, ‘पाणी मारा, वाट कसली पाहता?’ तिसऱ्या मजल्यावरून तर आपल्या मंडळींना उद्देशून काही शब्द गेले, ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. आपण कोणीही वर पाहून उत्तर दिले नाही. आपण महावितरणच्या कर्मचाऱ्याने इमारतीचा पुरवठा तोडण्याची वाट पाहत होता, कारण चालू विजेवर पाण्याचा फवारा म्हणजे ते पाणी धरणाऱ्याच्या हातापर्यंत वीज येण्याचा धोका. दरम्यान आपले दोघे सहकारी धुरात वाकून कार्बन डायऑक्साइडच्या आणि कोरड्या पावडरच्या सिलिंडरांनी आग जागच्या जागी दाबून धरत होते, हे वरून आम्हांला दिसतच नव्हते. आम्हांला दिसत होता तो फक्त न उघडलेला होज.

पुरवठा तुटला, पाणी सुरू झाले आणि आग लवकरच आटोक्यात आली; पण धूर हटेना. तो वर साचला होता, कारण गच्चीच्या दाराला कुलूप होते. मुले गच्चीवर क्रिकेट खेळतात आणि चेंडू शेजारच्या काचा फोडतो म्हणून ते कुलूप लावण्याचा ठराव मीच लिहिला होता आणि त्याची किल्ली रखवालदाराच्या खिशात, रखवालदार रजेवर. आपले तीन जवान पाठीवर श्वसनसंच बांधून तो जिना चढले. (त्या नळकांड्यात ऑक्सिजन असतो असा माझा समज होता, ती दाबून भरलेली साधी हवाच असते आणि साधारण अर्धा-पाऊण तास पुरते, जिने चढून धाप लागलेल्या माणसाला त्याहून कमी.) जाताना त्यांनी प्रत्येक मजल्यावर दारे ठोठावून आत कोण आहे, किती जण आहेत, कोणाला दमा आहे का, हे विचारले. वर जाऊन कटरने कुलूप तोडले. दार उघडल्याबरोबर साचलेला धूर असा बाहेर लोटला की समोरच्या इमारतीतल्यांना गच्चीच पेटली असे वाटले. सातव्या मजल्यावर ब्याऐंशी वर्षांच्या आजी एकट्या राहतात. जिना मोकळा होईपर्यंत एक जवान त्यांच्याजवळ गॅलरीत बसून होता. आजी सांगतात, त्याने त्यांना कोणते गाव, मुले कुठे, गुडघे कसे आहेत, असे सगळे विचारले; आगीविषयी तो एक शब्द बोलला नाही. पहाटे सवाचारच्या सुमारास आपण आम्हांला एकेका मजल्यावरून खाली आणले आणि डोके मोजले.

आठवड्याने मी आणि खजिनदार पेढ्यांचा डबा घेऊन आपल्या केंद्रावर आलो. डब्याचे झाकण उघडण्याआधीच घंटा वाजली आणि समोर बसलेले सगळे उठून गेले. कुठेतरी गुलमोहर रिक्षावर पडला होता. मागे राहिलेल्या अधिकाऱ्यांशी त्यानंतर जे बोलणे झाले, त्याने माझी समजूत मुळापासून बदलली. माझ्या मनात अग्निशमन दल म्हणजे आग विझवणारे लोक. त्यांनी त्या महिन्याच्या वर्द्या सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांत आगीखेरीज इतर कामेच एवढी निघाली की मी मध्येच थांबवून विचारले, ‘हेसुद्धा तुमच्याकडेच?’ घोडबंदर रस्त्यावर अवजड गाडीतून तेल सांडले आणि दुचाकी घसरू लागल्या की त्यावर माती टाकायला आपण जाता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आई कचरा ठेवायला बाहेर आली आणि दार लागून तान्हे मूल आत राहिले, मांजात पाय गुंतलेली घार झाडावर उलटी लटकते आहे, गटाराच्या चेंबरमध्ये वासरू पडले आहे, खाडीत कोणी उडी मारली आहे, अशा सगळ्या हाका आपल्याच दारी येतात. पावसाळ्यात त्यांत झाडे, संरक्षक भिंती आणि मुंब्रा बायपासच्या बाजूची दरड यांची भर पडते. श्रावणात दहीहंडीचे थर लागतात तेथे, भाद्रपदात तलावांवर आणि खाडीकाठी विसर्जन असते तेथे, दिवाळीत फटाक्यांच्या दुकानांपाशी आपली मंडळी उभी असतात. म्हणजे ठाणेकरांचा सण असतो तेव्हा आपली हमखास पाळी असते.

आणि हाक नसते तेव्हाही काम असतेच, हे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले. सकाळची कवायत, इंजिन रोज चालू करून पाहणे, पंपाचा दाब तपासणे, वापरलेले होज धुऊन उंचावर टांगून वाळवणे, श्वसनसंचांत पुन्हा हवा भरणे, शिडीचा सराव. त्याखेरीज शाळांत आणि रुग्णालयांत प्रात्यक्षिके, मंडपांची पाहणी आणि आमच्यासारख्यांना पाठवायची ती पत्रे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. त्यानुसार इमारतीतील यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे आमची आहे आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तसे प्रमाणपत्र द्यायचे असते. मी ते पत्र फाइलला लावले तेव्हा मला ते एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाला पाठवावे तसले कागद वाटले होते. ते पत्र पाठवणारी माणसे आणि पहाटे आमचा जिना चढणारी माणसे एकच आहेत, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

केंद्रातल्या भिंतीवर १४ एप्रिल ही तारीख दिसली, म्हणून मी तिच्याविषयी विचारले. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके पोटात असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. ती विझवत असताना झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि पुढचा आठवडा जनजागृतीचा असतो. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत प्रात्यक्षिक करू का, असे आपण यंदाही विचारले होते. आम्ही परीक्षांचे कारण सांगितले. ठाण्याला तर एप्रिलची आणखी एक आठवण आहे : ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली अनधिकृत सात मजली इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला आणि ढिगाऱ्यातून माणसे काढण्याचे काम रात्रंदिवस चालले. मजले आमच्याइतकेच होते, हे मला त्या दिवशी केंद्रातून परतताना रिक्षात आठवले.

प्रात्यक्षिक अखेर जूनच्या दुसऱ्या रविवारी झाले. आमच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीपासून प्रत्येक मजल्यावर उतरणारी अग्निशमनाची नळवाहिनी आहे, जिला डाऊन कमर म्हणतात. तिचे लाल रंगाचे व्हॉल्व्ह आम्ही इतकी वर्षे छत्र्या अडकवण्यासाठी वापरत होतो. आपल्या फायरमनने ते फिरवून पाहिले तेव्हा सातांपैकी चार फिरले नाहीत आणि जे फिरले त्यांतल्या एकातून आधी गंज आणि मग झुरळे बाहेर आली. भिंतीवरचे आग विझवण्याचे सिलिंडर भरण्याची मुदत कधीच उलटून गेली होती. तिसऱ्या मजल्यावरचे काका, ज्यांनी त्या रात्री सर्वांत मोठ्याने आरडाओरडा केला होता, स्वतःहून पुढे आले. पिन काढायची, नळी ज्वाळेच्या शेंड्याकडे न धरता बुडाकडे धरायची, दांडा दाबायचा आणि झाडू मारल्यासारखी डावी-उजवीकडे फिरवायची, हे त्यांनी एका दमात करून दाखवले आणि नंतर आपल्या उपअधिकाऱ्यांना बाजूला नेऊन काही बोलले. काय बोलले, ते त्या दोघांतच राहू द्यावे.

स्त्रियांना सर्वाधिक उपयोगी पडला तो गॅस सिलिंडरचा भाग. पेटलेला सिलिंडर पाहून माणूस पळतो, परंतु न पेटता गळणारा सिलिंडर त्याहून घातक, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि दूरच्या ठिणगीची वाट पाहतो. तेव्हा दिव्याचे बटण ना लावायचे ना बंद करायचे, एक्झॉस्ट पंखाही नाही. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडून गॅसगळतीसाठीचा १९०६ हा क्रमांक लावायचा, आणि प्रसंग हाताबाहेर जात असेल तर १०१ किंवा ११२. आपल्या जवानाने पेटत्या सिलिंडरच्या तोंडावर ओले गोणपाट टाकून ज्वाळा विझवून दाखवली. मग पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी तेच केले, पदर नीट खोचून. आणि नंतर विचारले, ‘सुती साडी असावी की चालेल कुठलीही?’ सुतीच असावी, असे आपण सांगितलेत. तेव्हापासून आमच्याकडे सकाळच्या स्वयंपाकाला गाऊनवरची नायलॉन ओढणी दिसत नाही.

आता आपल्या हिवाळ्यातल्या पत्राचे उत्तर. मीटर रूम रिकामी करून जुनी केबल व जोडण्या बदलून घेतल्या आहेत. तेथे आता विजेच्या फळ्यांखेरीज काही ठेवायचे नाही, हा ठराव मंजूर झाला. चार्जिंगची सोय जिन्यापासून दूर, उघड्यावर, स्वतंत्र मीटरवर केली. व्हॉल्व्ह सातही बदलले. आग विझवण्याचे सिलिंडर नवे घेतले. गच्चीच्या दाराला कुलपाऐवजी आतून सरकणारी कडी बसवली असून क्रिकेटचा प्रश्न पुन्हा उद्भवला आहे, तो आम्ही पाहून घेऊ. गल्लीत बंब वळेल एवढी जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखली आहे आणि अध्यक्षांची गाडी आता मागच्या बाजूस असते. परवानाधारक संस्थेने तपासणी करून दिलेला जुलैचा फॉर्म बी या पत्रासोबत जोडला आहे. जानेवारीचा आम्ही दिला नव्हता, याची नोंद आपल्याकडे असेलच. ती चूक माझी.

सातव्या मजल्यावरच्या आजींनी निरोप दिला आहे की त्या रात्री गॅलरीत बसलेल्या मुलाचे गाव त्यांच्या माहेराजवळचे निघाले, पण घाईत नाव विचारायचे राहिले; तो पुन्हा या बाजूला आला तर आगीशिवाय यावे आणि चहा घेऊन जावा.

पेढ्यांचा डबा आम्ही परत नेला नाही. तो खजिनदारांच्या घरचा आहे. स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेला. त्याची घाई नाही.

आपली कृतज्ञ,
सचिव,
सर्व सभासदांच्या वतीने,
ठाणे (पश्चिम)